हवेतला मिथेन कोणाचा? खाडीचा, डंपिंगचा की गॅसच्या पाइपचा

ऐरोली घ्या, कोपरखैरणे घ्या, नाहीतर पलीकडे कळवा-कोलशेत, कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप असू दे, ओहोटीच्या वेळी वारा खाडीकडून फिरला की अर्ध्या तासात कोणीतरी टाकतंच की आज मिथेनचा काय वास येतोय. मग सुरू होतं. एक म्हणतो डंपिंगचा, दुसरा म्हणतो एमआयडीसीत कोणीतरी रात्री काहीतरी सोडलं, तिसरा म्हणतो पीएनजीचा पाइप लीक असेल जरा बघून घ्या. गंमत अशी की मिथेनला वासच नसतो. अजिबात नाही. चिखल उघडा पडल्यावर जो सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि घरातल्या गॅसला वास येतो कारण त्यात मर्कॅप्टन म्हणून गंधकाचं एक संयुग मुद्दाम मिसळतात, गळती नाकाला कळावी म्हणून. (तसा वास आला तर ग्रुपवर चर्चा करत बसू नका, खिडक्या उघडा, स्विचला हात लावू नका आणि इमर्जन्सी नंबर फिरवा.)

म्हणजे नाक बाद. मग मीटर आणू. मीटर सांगेल हवेत मिथेन 3 पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे 3. जगभरातली साधारण पातळी सध्या 1.9 च्या जरा वर आहे, तेव्हा इथे जास्तीचा कुठूनतरी येतोय एवढं नक्की कळलं. पण कुठून? मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन, मग तो म्हशीच्या पोटातून आलेला असो, तुर्भ्याच्या कचऱ्यातून असो की समुद्राखालच्या विहिरीतून. रेणू तोच, गुण तेच, जळतो तसाच. फरक एकाच गोष्टीत राहतो, वजनात. आणि वजनातला हा फरक इतका बारीक असतो की खरं सांगायचं तर पहिल्यांदा आकडे बघितल्यावर यावरून काही कळत असेल यावर विश्वासच बसत नाही.

आयसोटोप, शाळेतले समस्थानिक, आठवत असतील. कार्बनच्या केंद्रात 6 प्रोटॉन असतात, ते ठरलेलं. न्यूट्रॉन मात्र बहुतेकांत 6 आणि थोड्यांत 7. सहावाल्याला कार्बन-12 म्हणतात, तो साधारण 98.9 टक्के, सातवाला कार्बन-13, तो 1.1 टक्का. दोन्ही स्थिर, म्हणजे कितीही वर्षं ठेवा, तुटत-फुटत नाहीत, म्हणून यांना स्थिर आयसोटोप म्हणतात. तिसरा एक कार्बन-14 असतो, लाख कोटीत एखादा, तो किरणोत्सर्गी, 5,730 वर्षांत निम्मा होतो. त्याचं काम पुढे एका जागी पडणार आहे, तोवर बाजूला ठेवू.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने 12 आणि 13 सारखेच वागतात. जवळजवळ. 13 वाला जरा जड, म्हणून जरा सुस्त, त्याचे बंध तोडायला थोडी जास्त ऊर्जा लागते, आणि जिथे जिथे निवड करायची वेळ येते, म्हणजे पानाच्या आत, जिवाणूच्या पोटात, हवेतल्या रिॲक्शनमध्ये, तिथे हलका थोडा पुढे निघून जातो. हे "थोडा" म्हणजे किती ते बघा. दहा लाख कार्बन-12 अणूंमागे कार्बन-13 किती हे मोजलं तर ठरवलेल्या स्टँडर्डमध्ये सुमारे 11,180 निघतात. आजच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे 11,085. कोळशात 10,900 च्या आसपास. कचऱ्यात किंवा चिखलात जिवाणूंनी बनवलेल्या मिथेनमध्ये 10,500. एवढ्या मोठ्या आकड्यांतले एवढे छोटे फरक बोलायला गैरसोयीचे, म्हणून ते स्टँडर्डपेक्षा हजारी किती कमी-जास्त असं सांगतात आणि त्याला डेल्टा म्हणतात. आजची हवा उणे 8.5, कोळसा उणे 25 च्या आसपास, जिवाणूंचा मिथेन उणे 60. जितका उणे मोठा तितका हलका, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं वाचता येतं.

स्टँडर्ड म्हणजे काय तर अमेरिकेत साउथ कॅरोलिनात पीडी नावाच्या खडकांच्या थरात सापडणारा बेलेम्नाइट, माकुळाच्या नात्यातला एक प्राणी जो डायनोसोरच्या काळात समुद्रात फिरायचा, त्याचा चुन्याचा जीवाश्म. शिकागोत हॅरोल्ड युरी यांच्या लॅबमध्ये तो वापरायला सुरुवात झाली, मूळ नमुना कधीच संपला, आता व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सीने ठरवलेलं मोजमाप चालतं पण नाव त्या पीडीचंच. सगळ्या जगाच्या हवेची तुलना एका मेलेल्या माकुळाच्या भावकीशी होते, मला हे फार आवडतं.

आता कोळसा हवेपेक्षा हलका का? कारण कोळसा म्हणजे जुनी झाडं. झाड हवेतून कार्बन घेतं तेव्हा पानातला रुबिस्को नावाचा एन्झाइम हलक्या कार्बनला पसंती देतो, त्यामुळे भात, गहू, आंबा, आपल्या खाडीतली खारफुटी, असली बहुतेक झाडं उणे 27 च्या आसपास असतात. पण ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांची पद्धत वेगळी, ती आधी दुसऱ्याच एन्झाइमने कार्बन पकडून कोंडून ठेवतात आणि मग रुबिस्कोला देतात, कोंडलेल्यातून निवड करायला वाव राहत नाही, म्हणून ती उणे 12-13 वर राहतात. यांना शास्त्रज्ञ सी-फोर आणि पहिल्यांना सी-थ्री म्हणतात. याच फरकावर मधातली भेसळ पकडतात. फुलं बहुतेक सी-थ्री झाडांची, म्हणून अस्सल मध उणे 25 च्या जवळ येतो, त्यात उसाच्या साखरेचा पाक घातला की आकडा उणे 12 कडे सरकायला लागतो आणि माणूस सापडतो. मग भेसळवाले हुशार झाले, त्यांनी तांदळाचा पाक घालायला सुरुवात केली, तांदूळ सी-थ्री, टेस्ट पास. हे उदाहरण मुद्दाम सांगतोय, कारण आयसोटोपचं बळ आणि त्याची पळवाट दोन्ही यात आहेत, दोन वेगळ्या सोर्सचा आकडा सारखाच निघाला की हा एकटा तपास तिथेच अडकतो.

हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू व्हायच्या आधी 280 पीपीएम होता, आता 420 च्या वर गेलाय. संशयित चार. समुद्र, ज्वालामुखी, तोडलेली जंगलं आणि आपण जाळलेलं कोळसा-तेल-गॅस. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं की तेव्हाच्या कार्बन डायऑक्साइडचा डेल्टा उणे 6.5 च्या जवळ होता, आता उणे 8.5, म्हणजे हवा हलकी झालीय. दहा लाखांच्या हिशोबात बोलायचं तर 11,107 चे 11,085 झाले, बावीसचा फरक, आणि त्या बावीसवर केस उभी आहे. ज्वालामुखीचा कार्बन उणे 5 च्या आसपास असतो, तो येत असता तर हवा हलकी झालीच नसती. समुद्रात विरघळलेला कार्बन शून्याच्या थोडा वर, हवेत येताना तो हलका होतो पण कोळसा-तेलाच्या जवळपासही जात नाही. दोघेही सुटले. राहिली झाडं आणि इंधन, आणि त्या दोघांचा डेल्टा मात्र जवळपास एकच, कारण इंधन म्हणजे शेवटी जुन्या काळातलं वनस्पती आणि शेवाळच. तांदळाच्या पाकाचा घोळ झाला तोच.

इथे तो बाजूला ठेवलेला कार्बन-14 कामी येतो. आज तोडलेल्या झाडात तो असतो, कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशात त्याचा कणही उरलेला नसतो. हान्स सुएस यांनी 1955 मध्ये झाडांच्या लाकडात हे मोजून दाखवलं, की नव्या लाकडात कार्बन-14 जेवढा हवा तेवढा नाही, कोणीतरी हवेत जुना, संपलेला कार्बन ओततंय. त्याला सुएस इफेक्ट म्हणतात, पुढे कार्बन-13 च्या घसरणीलाही तेच नाव पडलं. (लगेच नंतर अणुबॉम्बच्या हवेतल्या चाचण्यांनी कार्बन-14 जवळपास दुप्पट करून ठेवला आणि सगळं गढूळ केलं, वेळेवर मोजलं म्हणून बरं.) वरून ऑक्सिजन पण मोजला जातो, तोही किंचित कमी होतोय, जळल्यावर व्हायलाच पाहिजे, ज्वालामुखीने झाला नसता. जंगलतोडीचा वाटा आहे, नाही असं नाही, पण मोठा आरोपी इंधन. माझ्या मते ही केस बंद झालेली आहे, यावर अजून वाद घालणारे एक तर आकडे बघत नाहीत नाहीतर त्यांना बघायचे नसतात.

एक प्रश्न मात्र हुशार पोरं विचारतात आणि तो विचारायलाच हवा. उणे 6.5 ची 280 पीपीएम हवा घेतली, त्यात उणे 28 चं आणखी 145 घातलं, तर सरासरी उणे 14 च्या जवळ यायला पाहिजे, मग उणे 8.5 कशी? तर हवा एकटी नाही. समुद्रात हवेच्या चाळीस पटीहून जास्त कार्बन आहे आणि पृष्ठभागावर रात्रंदिवस अदलाबदल चालू असते, एक रेणू आत गेला, एक बाहेर आला. संख्येत फरक पडला नाही तरी हलका गेला आणि जड आला. झाडं-मातीही तेच करतात. त्यामुळे आपण सोडलेल्या गॅसचं प्रमाण हवेत निम्म्याच्या आसपास टिकतं, पण त्याचा हलकेपणा त्याहून जास्त पातळ होऊन जातो. उलट याच पातळ होण्यावरून समुद्र किती ओढतोय आणि जमीन किती, याचा अंदाज बांधतात.

आता मिथेनकडे, आणि आपल्या गावाकडे, कारण इथे मजा आहे. मिथेनचे मोटामोटी तीन गट. पहिला जिवाणूंचा, खरं तर आर्किया नावाच्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा, जे ऑक्सिजन नसलेल्या जागी राहतात: दलदल, भाताची खाचरं, गुरांचं पोट, नाल्याचा गाळ, डंपिंगचं पोट. यांचा मिथेन उणे 60 च्या आसपास. दुसरा जमिनीखाली उष्णता आणि दाबाने बनलेला, म्हणजे पीएनजी-सीएनजीवाला, तो साधारण उणे 40 च्या घरात. तिसरा काहीतरी अर्धवट जळताना निघतो, पालापाचोळा, शेकोटी, चूल, तो उणे 20-25.

ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात हे तिन्ही गट एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. एका बाजूला खाडी आणि खारफुटी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर, मध्ये नाले, तुर्भ्याचं डंपिंग, घराघरात पाइप गॅस, रांगेत उभ्या सीएनजीच्या रिक्षा, आणि हिवाळ्यात पहाटे वॉचमन लोकांच्या शेकोट्या. खाडीबद्दल एक सांगतो, ते बऱ्याच जणांना उलटं वाटेल. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेनवाल्यांपेक्षा अन्न पटकावण्यात तरबेज असतात, त्यांच्याच कारभारातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. म्हणजे चिखलाचा तो घाण वास आला तर तिथे वरच्या थरात मिथेनवाले मागे पडलेत असं समजा. पण सांडपाणी जास्त आलं, पावसाळ्यात गोडं पाणी भरलं आणि सल्फेट कमी झालं की पारडं फिरतं, आणि गाळात खोलवर तर मिथेन बनतच असतो.

मग हे वेगळं कसं करायचं? समजा डिसेंबर-जानेवारीतली रात्र आहे, वारा पडलाय, थंड हवा खाली बसलीय आणि वर तिच्यावर गरम हवेचं झाकण, त्यामुळे खाली जे निघेल ते खालीच साचतंय. गच्चीवर बसून दर तासाला एक बाटली हवा भरायची. प्रत्येक बाटलीत दोन गोष्टी मोजायच्या, मिथेन किती आणि डेल्टा किती. हिशोब सोपा व्हावा म्हणून धरू की बाहेरची मूळ हवा 2 पीपीएम आणि उणे 48. मध्यरात्री 3 पीपीएम झालं, म्हणजे 1 पीपीएम नवीन आलं. ते डंपिंगचं उणे 60 वालं असेल तर बाटलीतली सरासरी उणे 52 निघेल. पाइपमधलं उणे 42 वालं असेल तर उणे 46. मूळ हवेपेक्षा एकीकडे आकडा खाली गेला, दुसरीकडे वर. म्हणजे मिथेन सारखाच वाढला तरी दिशा उलटी, दोघांची गल्लत होणं शक्य नाही. हे आंघोळीच्या बादलीसारखं आहे, आधी किती पाणी किती गरम होतं ते माहीत असेल आणि आता किती भरलंय, किती गरम आहे ते मोजता येत असेल, तर मधल्या वेळात कोणी किती गरम तांब्या ओतला ते न बघता सांगता येतं.

एका बाटलीवर भरवसा ठेवत नाहीत. रात्रभरच्या सगळ्या बाटल्यांचे आकडे एका आलेखावर मांडतात, आडव्या अक्षावर एक भागिले प्रमाण आणि उभ्यावर डेल्टा, सोर्स एकच असेल तर सगळे ठिपके सरळ रेषेत येतात आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथे जाऊन भिडते तो सोर्सचा डेल्टा. मूळ हवा नेमकी किती होती हे माहीत नसलं तरी चालतं, हीच त्यातली खुबी. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जंगलांत रात्रीच्या हवेच्या बाटल्या भरून कार्बन डायऑक्साइडसाठी ही युक्ती काढली, म्हणून तिला कीलिंग प्लॉट म्हणतात. हेच ते कीलिंग ज्यांनी मार्च 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली, 313 पीपीएमपासून, जी अजून चालू आहे.

मूळ हवा कशी असते हे आपल्या किनाऱ्यावरही मोजलं गेलंय. गोव्यात काबो द रामला 1993 पासून काही वर्षं बाटल्या भरून त्या ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या लॅबमध्ये तपासल्या गेल्या, अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेची मंडळी त्यात होती. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून, पार विषुववृत्ताच्या खालून येतो, तेव्हा हवा स्वच्छ आणि कार्बन डायऑक्साइड कमी. हिवाळ्यात वारा देशाच्या अंगावरून खाली येतो, तेव्हा तोच वाढलेला आणि हलका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संशोधन संस्थेने पुढे सिंहगडावर मोजणी सुरू केली. म्हणजे आपल्या पट्ट्यात कोणाला हे करायचं असेल तर पाया जुलैच्या भर दुपारी मोजायचा आणि गुन्हेगार जानेवारीच्या रात्री शोधायचा.

आता अडचणी, कारण कागदावर जमतं तसं जमिनीवर जमत नाही. अर्धा मिथेन डंपिंगचा आणि अर्धा पाइपचा असेल तर मिश्रण उणे 51 दिसेल. आणि ज्वारीचा कडबा खाणाऱ्या गुरांचा मिथेनही उणे 50 च्या आसपासच असतो, कारण ज्वारी सी-फोर, मूळ चाराच जड. तेच जनावर भाताच्या पेंढ्यावर असेल तर उणे 65 कडे जाईल. भिवंडीकडच्या तबेल्यात काय चारा टाकतात यावर उत्तर बदलणार! डंपिंगवर मातीचा थर टाकला असेल तर त्या थरातले मिथेन खाणारे जिवाणू हलका मिथेन आधी खातात आणि उरलेला जो बाहेर पडतो तो जड होऊन येतो, म्हणजे डंपिंग पाइपसारखं दिसायला लागतं. याचा फायदाही आहे, आतल्या आणि बाहेरच्या डेल्टामधल्या फरकावरून मातीने किती मिथेन खाल्ला ते काढता येतं. आणि गॅसही सगळा सारखा नाही, पश्चिम सायबेरियातला उणे 50 च्या जवळ असतो.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. एक म्हणजे मिथेनमधल्या हायड्रोजनचं जड भावंड ड्युटेरियम, जे त्याच युरी यांनी 1931 मध्ये शोधलं आणि 1934 चं नोबेल घेतलं. जिवाणूंच्या मिथेनमध्ये त्याचा डेल्टा उणे 300 च्या घरात आणि जमिनीखालच्या गॅसमध्ये उणे 180 च्या घरात, इथे कडबा आणि पाइप लगेच वेगळे पडतात. दुसरा साक्षीदार त्याहून स्वस्त, इथेन, म्हणजे दोन कार्बनवाला मिथेनचा भाऊ. पाइपच्या गॅसमध्ये इथेन थोडाफार असतोच, म्हैस आणि कचरा तो जवळजवळ बनवतच नाहीत. मिथेन वाढताना इथेनही वाढला तर पाइप शोधा.

जगाच्या पातळीवर हीच भानगड मोठी होऊन बसलीय. मिथेन 1999 ते 2006 जवळजवळ थांबला होता, 2007 पासून पुन्हा वाढायला लागला आणि तेव्हापासून हलका होतोय. त्याआधी दोनेक शतकं तो जड होत चालला होता. अमेरिकेत शेल गॅसची, म्हणजे खडक फोडून काढायच्या नैसर्गिक गॅसची, धूम त्याच काळातली, म्हणून पहिला संशय तिकडेच गेला, पण शेल गॅस जड, त्याने हवा हलकी कशी होईल? बोट जिवाणूंकडे वळलं, उष्ण कटिबंधातल्या दलदली, गुरं, कचरा. पण थांबा, आगीतून निघणारा जो सगळ्यात जड मिथेन, तो जर या काळात कमी झाला असेल, तर पाइपवाला थोडा वाढूनही सरासरी हलकीच दिसेल. आणि हवेतून मिथेन काढून टाकणारा ओएच रॅडिकल, म्हणजे एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असलेला अधाशी रेणू, तोही हलक्यालाच आधी धरतो, म्हणून जगातल्या सगळ्या सोर्सची सरासरी उणे 53 च्या आसपास असूनही हवा उणे 47-48 वर आहे. हा ओएच कमी-जास्त झाला तरी डेल्टा हलतो. 2020 मध्ये लॉकडाउन होतं, गाड्या बंद, सगळ्यांना वाटलं आता हवा सुधारली, आणि मिथेन त्या वर्षी विक्रमी वाढला. एक कारण असं की गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड कमी झाले की ओएच कमी बनतो, सफाई करणाराच रजेवर, मिथेन हवेत जास्त टिकला. दुसरं, ओल्या वर्षांत दलदलींनी जास्त सोडला, हलकेपणा त्याचीच साक्ष देतो. वाटा कोणाचा किती यावर अजून घासाघीस चालू आहे, आणि माझा कल जिवाणूंकडे आहे. काळजीची गोष्ट ही की दलदलीला नळ नसतो, पाइपची गळती बंद करता येते, काँगोचं खोरं कसं बंद करणार.

मोजतात कशाने ते थोडक्यात. जुनी आणि पक्की पद्धत मास स्पेक्ट्रोमीटर. गॅसच्या रेणूंना विद्युतभार देऊन चुंबकाच्या क्षेत्रातून पळवतात, हलका जास्त वळतो, जड कमी, शेवटी ओळीने कप लावलेले असतात त्यांत ते मोजले जातात. कार्बन डायऑक्साइडसाठी 44, 45, 46 वजनाचे कप. मिथेन असेल तर आधी तो जाळून कार्बन डायऑक्साइड करायचा आणि मग आत सोडायचा. आता लेझरवाली यंत्रं आलीत, डब्यात समोरासमोर आरसे, प्रकाश त्यात हजारो वेळा ये-जा करून काही किलोमीटर चालतो, आणि कुठला रंग किती शोषला गेला त्यावरून 12 किती, 13 किती ते सेकंदासेकंदाला स्क्रीनवर येतं. ते गाडीत ठेवून रस्त्यारस्त्याने फिरतात आणि गळती शोधतात.

मास स्पेक्ट्रोमीटरची एक खोड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. 44 च्या कपात कार्बन डायऑक्साइड पडतो, आणि नायट्रस ऑक्साइडचं वजनही 44 च. हवेतून गोळा केलेल्या नमुन्यात तो थोडा असतोच आणि कार्बनचा आकडा सुमारे पाव दर-हजारीने बिघडवतो, म्हणून त्याची दुरुस्ती करावीच लागते. बरीच वर्षं कार्बनवाल्यांना नायट्रस ऑक्साइड हा असा त्रास म्हणूनच जास्त माहीत होता. खरं तर तो मोठा गॅस आहे, 100 वर्षांच्या हिशोबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, शंभराहून जास्त वर्षं टिकतो, आणि त्याच्याबद्दल पेपरात कोणी लिहीत नाही.

त्याचा रेणू सरळ रेषेत असतो, नायट्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन. म्हणजे जड नायट्रोजन-15 किती एवढंच नाही, तो मधल्या जागी बसलाय की टोकाला, हेही मोजता येतं, 1999 च्या सुमारास जपान आणि जर्मनीतल्या लोकांनी ते जमवलं. आणि ही बसायची जागा बनवणाऱ्या जिवाणूवर अवलंबून असते. कोरड्या, हवा खेळणाऱ्या मातीत अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्यांकडून निघाला तर मधल्या जागेचा कल, म्हणजे मधल्या आणि टोकाच्या जागेच्या डेल्टांमधला फरक, 33 च्या आसपास, आणि चिंब, हवा कोंडलेल्या मातीत नायट्रेट फोडणाऱ्यांकडून निघाला तर शून्याच्या जवळ. टास्मानियाच्या केप ग्रिमला 1978 पासून हवा टाक्यांमध्ये भरून जपून ठेवलीय, त्या टाक्या नंतर उघडून तपासल्या तर नायट्रस ऑक्साइड वर्षागणिक वाढत आणि हलका होत गेलेला दिसला, जसा खत पडलेल्या मातीतून येतो तसा. शहापूर-मुरबाडच्या खाचरात युरिया फेकल्यावर पाणी उभं राहिलं की नायट्रेट फोडणाऱ्यांचं राज्य येतं आणि ते बरंचसं काम पुरं करून साधा नायट्रोजनच सोडतात, पण पाणी आटतं, पुन्हा भरतं, त्या मधल्या दिवसांत नायट्रस ऑक्साइडची भरती येते. त्या दिवसांत बाटली भरून जागेचा कल बघितला तर युरिया वेगळ्या वेळी द्यायचा की पाणी वेगळं राखायचं, याचं उत्तर त्या आकड्यातून बरंचसं मिळतं.